चुंबक, जनावर आणि तोल

खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वीज जाऊ लागली. घाटमाथ्यावरच्या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी मोठ्या नळांतून पायथ्याशी आणायचे, त्यावर वीज तयार करायची आणि ती तारांवरून सुमारे सत्तर किलोमीटर दूर न्यायची, अशी ती टाटांची योजना होती. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत कल्याण-पुणे रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि कर्जतहून घाटाकडे जाणाऱ्या रुळांवरही तारा आल्या. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांतून आज उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या सावलीत गाई, म्हशी, शेळ्या चरत असतात.

या दोन तालुक्यांत मी पशुवैद्यक म्हणून बरीच वर्षे काम केले. तारांबद्दलचा एक प्रश्न मला गावोगाव, वाडीवाडीवर विचारला गेला आहे. "डॉक्टर, मनोऱ्याखाली चरणारी शेळी गोल गोल फिरायला लागली. तारांतल्या चुंबकानेच ना?" कुणी म्हशीच्या गाभ न राहण्याचे खापर तारांवर फोडतो, कुणी दूध आटण्याचे.

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे मला कधीच वाटले नाही. प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० सालीच दाखवले. तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला प्राणी बाहेर आल्यावर खरोखरच गोल गोल फिरतो, हेही प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र त्यांची गाठ मारून काढलेला निष्कर्ष खरा आहे का, हे आकड्यांवरून ठरते. आणि तो ठरवणे गरजेचे आहे, कारण उत्तर चुकले तर त्याची किंमत जनावर आपल्या जिवाने चुकवते.

मापे आपल्याच जिल्ह्यातली

चुंबकीय क्षेत्र मोजण्याची मोठी परंपरा रायगड जिल्ह्यात आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले आणि त्यांच्या प्रवाहामुळे या नाजूक नोंदी बिघडणार हे स्पष्ट झाले. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय मापनाचे काम अलिबागला हलवले. ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या. अलिबागची वेधशाळा उभारताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले. आपल्या भागातल्या काळ्या पाषाणात लोहयुक्त, चुंबकीय खनिजे असतात, म्हणून बांधकामालाही चुंबकत्व नसलेला दगड आणावा लागला. ही वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय खालापूरच्या शेजारी, पनवेल तालुक्यात आहे.

चुंबकीय क्षेत्राचे एकक टेस्ला. ते फार मोठे असल्याने रोजच्या व्यवहारात त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोटेस्ला वापरतात. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. १८५९ साली सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची अतिशय मोलाची नोंद कुलाब्यालाच झाली. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचा त्या वेळी गोंधळ उडाला होता. पण कुलाब्याला क्षेत्रात पडलेला फरक होता साधारण १.६ मायक्रोटेस्ला, म्हणजे मूळ क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी.

उच्चदाब वाहिनीच्या अगदी खाली, जमिनीलगत, हे क्षेत्र साधारण काही मायक्रोटेस्लापासून वीसेक मायक्रोटेस्लापर्यंत भरते. तारेत त्या वेळी किती प्रवाह वाहतो यावर ते अवलंबून असते, आणि वाहिनीपासून बाजूला गेले की झपाट्याने घटते. माणसांसाठी सुरक्षिततेची जी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० मध्ये सुचवली गेली, ती ५० हर्ट्झच्या विजेसाठी २०० मायक्रोटेस्ला आहे. केस वाळवण्याच्या यंत्राला अगदी खेटून मोजले तर शेकडो मायक्रोटेस्ला भरू शकतात. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला असते. दीड टेस्ला म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पस्तीस हजार पट.

चौदा टेस्लातले उंदीर

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टॅलाहासी येथे अतितीव्र चुंबकांची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथल्या विद्यापीठातले थॉमस हाउप्ट आणि त्यांचे सहकारी यांनी पांढऱ्या उंदरांवर अनेक वर्षे प्रयोग केले. उंदराला अर्धा तास सात किंवा चौदा टेस्लाच्या चुंबकाच्या पोकळीत ठेवायचे आणि बाहेर काढून मोकळे सोडायचे. बाहेर आलेले उंदीर काही वेळ एकाच दिशेने लहान लहान वर्तुळांत फिरत. क्षेत्राची दिशा उलटी केली की फिरण्याची दिशाही उलटत असे. चुंबकात ठेवण्याआधी त्यांना सॅकरीनचे गोड पाणी पाजलेले असेल, तर पुढे ते उंदीर त्या चवीला तोंड लावत नसत. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मळमळले की आपल्याही मनातून तो उतरतो, तसाच हा प्रकार. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याला मळमळते की नाही हे ओळखण्याची ही एक आडवाट आहे.

यानंतरचा प्रयोग अधिक बोलका आहे. १४.१ टेस्लाच्या उभ्या चुंबकाच्या पोकळीतून शिडी लावून उंदरांना वर चढायला शिकवले. पहिल्या खेपेला ते चढले. दुसऱ्या खेपेला बहुतेकांनी आत जायचे नाकारले, आणि क्षेत्र जिथे दोन टेस्लाच्या आसपास होते तिथूनच ते मागे फिरले. मग काही उंदरांच्या आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव शस्त्रक्रियेने निकामी केला. हे उंदीर त्याच शिडीवरून बिनदिक्कत वर गेले. म्हणजे चुंबकाचा त्रास उंदराच्या डोळ्यांतून, कातडीतून वा पोटातून शिरत नव्हता. तो आतल्या कानातून शिरत होता.

कानातले पाणी

आतल्या कानात, गाईच्या काय, उंदराच्या काय आणि आपल्या काय, एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. मान वळली की नळी वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो. पाण्याची कळशी झटकन फिरवली तर कळशी फिरते, पाणी जागेवर राहते, तसेच. रेंगाळलेला द्रव एका नाजूक पडद्याला ढकलतो, पडद्यातले केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला खबर जाते, 'मान उजवीकडे वळली.' गरगर फिरून थांबल्यावरही जग फिरत राहते, ते द्रव अजून फिरत असतो म्हणून.

या द्रवात पोटॅशियमचे विद्युतभारित कण भरपूर असतात आणि ते तंतूंच्या पेशींमध्ये सतत शिरत असतात. विद्युतभाराचे वाहणे म्हणजेच प्रवाह. प्रवाह चुंबकीय क्षेत्रात आला की त्याला बाजूने ढकलणारे बल लागते. पाण्याच्या पंपाची मोटर याच बलावर फिरते. कानातला हा प्रवाह अगदी क्षीण असतो. पण क्षेत्र कित्येक टेस्लाचे असले, तर पडणारा धक्का द्रवाला हलवून पडद्याला वाकवायला पुरतो. मान स्थिर असते आणि मेंदूला 'वळतो आहेस' अशी खबर मिळत राहते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये माणसांवर हे दाखवले. सात टेस्लाच्या एमआरआय यंत्रात नुसते निजवलेल्या दहा निरोगी माणसांची बुबुळे अंधारात एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत. चक्कर येताना डोळे असेच फिरतात. ज्यांच्या आतल्या कानाचे कार्य आधीच संपलेले होते अशा दोघांच्या डोळ्यांत काहीही झाले नाही. २०१४ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ११.७ टेस्लाच्या क्षेत्रात झेब्राफिश हे छोटे मासे सोडले. ते कलंडले, लोळले, गिरक्या घेत पोहले. उंदीर, माणूस आणि मासा या तिघांचीही एकच तक्रार होती.

कानाचा संबंध नसलेला एक विलक्षण प्रयोगही सांगायला हवा. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखेन येथे आंद्रे गाइम यांनी सुमारे सोळा टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत अधांतरी तरंगवला. पाणी चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाते, आणि बेडकाच्या अंगात बहुतांश पाणीच असते. बेडूक सुखरूप बाहेर आला. हेच गाइम पुढे ग्राफीनच्या संशोधनासाठी २०१० च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

आता हिशेब मांडू. उंदीर मागे फिरले ते दोन टेस्लाच्या आसपास, म्हणजे वीस लाख मायक्रोटेस्ला. आपल्या मनोऱ्याखाली भरतात जास्तीत जास्त वीसेक मायक्रोटेस्ला. फरक लाखपटीचा आहे. शिवाय तारांतला प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो. क्षणात एका बाजूला मिळालेला धक्का पुढच्या क्षणी उलट्या बाजूला मिळतो आणि कानातला सुस्त द्रव जागचा हलत नाही. तारांच्या चुंबकत्वाने शेळीचा तोल जातो, हे म्हणूनच संभवत नाही.

गाभ राहण्याच्या प्रश्नालाही उत्तर आहे. स्वीडनमध्ये अशाच ५० हर्ट्झच्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीखाली ५८ कालवडी सुमारे चार महिने ठेवल्या आणि तारांपासून दूर ठेवलेल्या तितक्याच कालवडींशी त्यांची तुलना केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माजाच्या चक्रात किंवा गाभ राहण्यात फरक आढळला नाही. माणसांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्रांना 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवले आहे, हेही सांगितले पाहिजे. ती शंका लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगापुरती आहे आणि तिचा तोल जाण्याशी संबंध नाही.

दिशेची जाणीव वेगळी

इथे एक घोटाळा नेहमी होतो. प्राण्यांना पृथ्वीचे दुबळे चुंबकत्व जाणवते असे आपण वाचतो. मग वीस मायक्रोटेस्ला कसे जाणवणार नाही, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पण ही जाणीव तोलाची नव्हे, दिशेची आहे, आणि तिची यंत्रणाही कानातल्या धक्क्याची नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट येथे वोल्फगांग विल्चको यांनी युरोपियन रॉबिन हा छोटा स्थलांतरी पक्षी चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ठरवतो हे १९६० च्या दशकात दाखवले. पक्ष्याच्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही प्रथिनांचा यात हात असावा, असे आज मानले जाते. ही जाणीव इतकी नाजूक की २०१४ मध्ये ओल्डेनबुर्ग येथील संशोधकांनी शहरातल्या विद्युत उपकरणांच्या क्षीण रेडिओ गोंगाटानेही रॉबिनची दिशा चुकते असे नोंदवले. पिंजऱ्याभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या आवरणाला जमिनीशी जोडल्यावर पक्ष्यांना दिशा पुन्हा सापडली.

गाईंबद्दलही असाच एक दावा आहे. सबीने बेगाल, हायनेक बुर्डा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपग्रह छायाचित्रांवरून ३०८ कुरणांतल्या ८,५१० गाईगुरांची उभी राहण्याची दिशा पाहिली आणि गुरे साधारण उत्तर-दक्षिण उभी राहतात असे मांडले. पुढच्याच वर्षी, उच्चदाब तारांजवळ ही शिस्त मोडते असेही त्यांनी लिहिले. २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अशीच छायाचित्रे तपासली आणि त्यांना अशी शिस्त सापडली नाही. वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या भागात हे पडताळून पाहावे असे वाचकाला वाटेल. अडचण अशी की रायगडात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. गाय चुंबकाकडे बघून उभी आहे की सूर्याकडे, हे इथे वेगळे काढता येत नाही. शिवाय आपली गुरे बांधावर, उतारावर, पावसाला पाठ देऊन उभी राहतात. पण तारांखालच्या गाईने उभे राहण्याची दिशा बदलली असे धरले, तरी त्याने ती आजारी पडत नाही.

पोटातले चुंबक

गुरांच्या पोटात आम्ही स्वतः चुंबक सोडतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. गाय जिभेने चारा ओढून न चावता गिळते. त्यातून खिळा, तार पोटात जाते आणि जाळीपोटात अडकते. जाळीपोटाच्या पुढे, जेमतेम काही सेंटिमीटरवर, हृदय असते. पोट आकुंचन पावताना टोकदार तार पडदा भेदून हृदयाकडे सरकते. गाय खाणे सोडते, पाठ कमानीसारखी करते, पुढचे कोपर बाहेर काढून उभी राहते, उतारावरून उतरताना कण्हते. पुढे पोळीला सूज येते आणि मग हाती फारसे काही राहत नाही.

कर्जत-खालापुरात गेल्या काही दशकांत फार्महाऊस आणि बंगल्यांची बांधकामे वाढली, खोपोलीच्या बाजूला कारखाने आले. सळया बांधायच्या बारीक तारेचे तुकडे रस्त्याच्या कडेला, गवतात, पेंढ्यात पडलेले असतात. गुरांना ते दिसत नाहीत. बोटाएवढे गुळगुळीत चुंबक गाईला गिळायला लावले की ते जाळीपोटात जाऊन बसते, तार आपल्याला चिकटवून घेते आणि जन्मभर तिथेच राहते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा एक मोठा, रोजचा प्रयोगच आहे. जगभर असंख्य गाई पोटात चुंबक घेऊन चरतात, वितात, दूध देतात. चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठपट कमी. पोटातल्या चुंबकाला लगटून ते कितीही जोरकस असले तरी मीटरभर अंतरावरच्या कानापर्यंत पोचता पोचता पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षाही क्षीण होते. म्हणून गाईचा तोल जात नाही. चुंबकाचे पट्टे, कडी, पाण्याच्या बाटल्या विकणारे जे दावे करतात, त्यांनाही हाच घनाचा नियम लावून पाहावा.

मग शेळी का फिरते?

गोल फिरणाऱ्या शेळीकडे आता परत येऊ. शेळी एका बाजूला फिरते, मान वाकडी धरते, भिंतीला डोके टेकवते, तेव्हा बिघाड खरोखरच त्याच जागी असतो जिथे टॅलाहासीच्या उंदरांत झाला होता, म्हणजे आतल्या कानात, किंवा त्याच्या खबरा वाचणाऱ्या मेंदूत. कारणे मात्र पूर्णपणे वेगळी असतात.

एक कारण कानातला पू. जंतुसंसर्ग आत शिरला की डोके एका बाजूला कलते. दुसरे लिस्टेरिया हा जंतू, जो बिघडलेल्या, बुरशी आलेल्या मुरघासातून येतो. यात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, कान लोंबतो, लाळ गळते. पहिल्याच दिवशी प्रतिजैविके सुरू केली तर शेळी वाचू शकते, दोन-तीन दिवस थांबले तर बहुधा नाही. हा जंतू माणसालाही होतो आणि गरोदर स्त्रीला विशेष धोक्याचा असतो. तिसरे कारण मेंदूतली गाठ. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अंडी चाऱ्यावाटे शेळी-मेंढीच्या पोटात जातात आणि त्यांची पाण्याने भरलेली गाठ मेंदूत वाढते. कापलेल्या बकऱ्याचे मुंडके कुत्र्याला टाकले की हे चक्र पूर्ण होते. कुत्र्याला जंताचे औषध देणे आणि मुंडके न टाकणे, एवढ्यावर ते तुटते. चौथा सर्रा. गोमाश्यांच्या चाव्यातून पसरणारा हा रक्तातला परजीवी घोड्यांना फार जड जातो. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे आणि तिथली पुष्कळ कुटुंबे घोड्यांवर पोट भरतात, म्हणून त्यांनी तर ताप, अडखळती चाल आणि फिरणे दिसताच रक्त तपासून घ्यावे. पाचवे, ब जीवनसत्त्वाचा अभाव. त्यात जनावर मान मागे टाकून आभाळाकडे बघते आणि वेळेवर इंजेक्शन मिळाले तर आश्चर्य वाटावे इतक्या लवकर उभे राहते.

यांतल्या बहुतेकांना उपाय आहे आणि प्रत्येकाला वेळेची मर्यादा आहे. तारांना दोष देऊन शेळी दुसऱ्या रानात नेली आणि चार दिवस वाट पाहिली, तर तेच चार दिवस हातातून जातात. एक-दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या कातकरी-ठाकर वाडीत किंवा डोंगरातल्या धनगरवाड्यावर हे चार दिवस फार महाग पडतात.

तारांचा धोका नाही, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. धोका आहे तो चुंबकत्वाचा नव्हे, प्रवाहाचा. पावसाळ्यात तुटून पडलेली तार, खांबाच्या ताणात उतरलेली वीज, ओल्या जमिनीत पसरलेला प्रवाह यांनी जनावरे मरतात. जमिनीत प्रवाह पसरला की तारेपासूनच्या अंतरानुसार दाब बदलतो. माणसाच्या दोन पावलांत हातभर अंतर असते, म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याहून बरेच अधिक. म्हणून तिला अधिक दाब मिळतो आणि तो प्रवाह छातीतून, हृदयाजवळून जातो. त्याच जागी माणूस वाचतो आणि म्हैस मरते, त्याचे कारण हे. तेव्हा तुटलेल्या तारेजवळ जनावर सोडवायला धावू नये, आधी वीज बंद करून घ्यावी, आणि पावसाळ्यात खांबाला किंवा त्याच्या ताणाला गुरे बांधू नयेत.

मनोऱ्याखाली गुरे चारायला माझी हरकत नाही. फक्त तिथल्या गवतात तारेचे तुकडे पडलेले नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. आणि शेळी गोल फिरू लागली, तर वर तारांकडे न पाहता आधी तिचा कान पाहावा, मग तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहावे, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.